तळाच्या शेवाळाचं मॉडेल: स्थिर प्रवाह पुरे, की पुराचा हिशेब हवाच?

काठावरचा:
अमेरिकेतल्या माँटाना राज्यातल्या क्लार्क फोर्क नदीत तळावरच्या शेवाळाला मर्यादा घातली आहे: उन्हाळ्यात सरासरी 100 आणि कमाल 150 मिग्रॅ क्लोरोफिल-ए (शेवाळाचं प्रमाण मोजायचं हरितद्रव्य) दर चौ.मी. सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद किती घटवावं हे ठरवायला क्वाल-2के या नदीच्या पाण्याच्या गुणवत्तेच्या संगणकीय मॉडेलाचं स्थिर प्रवाहाचं गणित पुरेसं आहे, असं माझं मत. बर्फाचा लोंढा उन्हाळ्याच्या सुरुवातीला ओसरतो. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी उतरून संथ होतं आणि शेवाळ माजतं ते तेव्हाच. मग पूर कशाला घुसडायचा?

हिशेबही सरळ आहे. शून्य-घाती वाढ घ्या, म्हणजे आधी शेवाळ किती आहे यावर न अवलंबणारी. कमाल दर दिवसाला चौ.मी.मागे 50 मिग्रॅ, प्रकाश-पोषण अपुरं म्हणून तो निम्म्यावर, म्हणजे 25. श्वसनातली घट 0.1, मर 0.1, दोन्ही प्रतिदिन. 25 भागिले 0.2, उत्तर 125. कोऱ्या दगडापासून 15 दिवसांत 95 टक्के पल्ला गाठला जातो.

दगडधोंडे:
असहमत. हे 125 नदीचं नाही, तुम्ही निवडलेल्या सूत्राचं आहे. त्याच मॉडेलात प्रथम-घाती पर्याय घ्या, म्हणजे असलेल्या शेवाळाच्या प्रमाणात वाढ. वाढ 1 प्रतिदिन, तीही निम्म्यावर, धारणक्षमता (तळावर जास्तीत जास्त मावेल इतकं शेवाळ) 1000. उत्तर येतं 1000 × (1 − 0.2/0.5), म्हणजे 600! तो 1000 नदीत कुणी मोजलेला नसतो, मॉडेलच्या रकान्यात आपणच टाकलेला असतो.

आता पूर. 10 ऑगस्टला वळवाच्या सरीने तळ खरवडून निघाला आणि 15 तारखेला तुम्ही दगड घासून नमुने घेतले, असं धरा. तुमच्याच सूत्राने पाचव्या दिवशी फक्त 79 भरतात. हा आकडा स्थिर अवस्थेचा समजून मॉडेल त्याच्याशी जुळवलंत, की वाढीचा दर 50 वरून 32 च्या आसपास उतरवाल. मॉडेल कागदावर छान बसेल, आणि सांडपाण्याची परवानगी नको तितकी सैल होईल. न्यूझीलंडमध्ये शेवाळाचे अभ्यासक बिग्ज यांनी 2000 साली पोषणाच्या जोडीला मध्यक प्रवाहाच्या तिपटीहून मोठ्या पुरानंतरचे दिवसही समीकरणात घेतले, ते उगाच नाही.

ऑक्सिजनवाला:
दोघंही खोली विसरलात. मॉडेल आख्ख्या पात्राला एकच सरासरी खोली देतं. प्रकाश विझण्याचा गुणांक 1 प्रतिमीटर धरला, तर 1.5 मीटरवर तळाशी 22 टक्के उजेड पोचतो आणि काठच्या 0.4 मीटरवर 67 टक्के. शेवाळाची दाट गादी काठालाच असते, सरासरीत ती बुडते. यलोस्टोन नदीच्या खालच्या टप्प्यासाठी म्हणूनच आडव्या छेदाचं, म्हणजे काठापासून काठापर्यंतची खोली धरणारं, वेगळं मॉडेल वापरलं गेलं.

आणि जुळवणी फक्त खरवडलेल्या दगडांवर नको, एका हातावर दोन दगड वेगळे निघतात. तासागणिक विरघळलेला ऑक्सिजन घ्या. आधी शिखराची वेळ बघा: दुपारी बारानंतर जितका उशीर, तितकं पुनर्वायुवीजन, म्हणजे हवा-पाण्यातली ऑक्सिजनची देवाणघेवाण, कमी. तो दर पक्का करा, मगच ऑक्सिजनच्या दिवस-रात्रीच्या चढ-उताराच्या उंचीवरून शेवाळाची वाढ ठरवा. उलट केलंत तर एकाची चूक दुसऱ्याच्या खात्यात जाते. सेन्सर मात्र पुसत राहा, त्याच्यावरही शेवाळ चढतंच.

काठावरचा:
खोलीचं मान्य. पुराचं अर्धंच मान्य: नमुन्याआधीच्या 20 दिवसांचा प्रवाह तपासायचा आणि सर आली असेल तर तो नमुना जुळवणीतून वगळायचा. त्यासाठी मॉडेल बदलायची गरज नाही.

दगडधोंडे:
वगळलेले नमुने आणि त्यांच्या तारखा अहवालात छापा, मग बोलू.