जँगो (पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायचं साधन) शिकायला पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं? मदत हवी आहे

नमस्कार. मी वरूड तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. आमच्या संत्रा बागायतदारांच्या गटाची नोंदवही माझ्याकडे असते: कोणाच्या बागेत किती झाडं, आंबिया बहार धरला की मृग, माल तोडीला कधी येईल, कोणत्या व्यापाऱ्यानं काय भाव सांगितला. ही वही मला वेबसाइटवर आणायची आहे. सगळ्यांना आपापल्या फोनवर भाव दिसला, तर व्यापारी एकेकाला गाठून वेगवेगळा भाव सांगू शकणार नाही.

बीएस्सीला पायथॉन होतं. फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी जमतात. क्लास वाचून समजतो, लिहायला वेळ लागतो. फ्लास्क हे तसंच दुसरं साधनही पाहिलं, पण लॉगिन आणि नोंदी भरायचं अ‍ॅडमिन पान जँगोत तयार मिळतं, म्हणून जँगोच शिकायचं ठरवलं.

आता पुस्तकावर अडलं आहे. इथं संध्याकाळी रेंज जाते, त्यामुळे व्हिडिओचा भरवसा नाही, आणि मला वाचूनच जास्त समजतं. नागपूरला बर्डीवर एक जुनं जाडजूड पुस्तक स्वस्तात मिळतंय, पण ते १.११ आवृत्तीवर आहे. नव्या आवृत्तीचं एक छोटं पुस्तक आहे, ते बरंच महाग. जुनं घेतलं तर चालेल का? इंग्रजी वाचते, पण लांब वाक्यांत अडकते.

प्रतिसाद १
ताई, १.११ चं फुकट मिळालं तरी घेऊ नका. ती २०१७ ची आवृत्ती, तिचा सपोर्ट २०२० मध्येच संपला. तुमचंच उदाहरण घ्या. बाग कोणत्या शेतकऱ्याची हे दाखवायला फॉरेन की (एका नोंदीला दुसरीशी जोडणारा दुवा) लागेल. जुन्या पुस्तकांत ती बहुतेकदा ऑन-डिलीट (मूळ नोंद पुसली तर जोडलेलीचं काय करायचं ते) न देता लिहिलेली असते, २.० पासून ते देणं सक्तीचं आहे, म्हणजे मॉडेलपाशीच, नोंदींचा साचा लिहितानाच, एरर. पुढे पानांचे वेब-पत्ते जोडायला पुस्तक यूआरएल फंक्शन सांगेल, ते ४.० मध्ये काढून टाकलं, आता पाथ वापरतात. लॉगआउटची साधी लिंकही ५.० पासून चालत नाही, पोस्ट पद्धतीनं पाठवणारा फॉर्म लागतो. नवशिक्याला कळतच नाही की चूक आपली आहे की पुस्तकाची, आणि तिथंच माणूस शिकणं सोडतो. हे मी शिकवताना पाहिलं आहे, म्हणून एवढं कळकळीनं सांगतो.

५.२ वर लिहिलेलं पुस्तक पाहा. ती दीर्घ सपोर्टची आवृत्ती आहे, एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतील.

प्रतिसाद २
वरच्या दादांचं बरोबर आहे, पण महागाचंही लगेच मागवू नका. जँगोच्या संकेतस्थळावरचं मतदानाच्या अ‍ॅपचं ट्यूटोरियल आधी करा. आठ भाग आहेत, वाक्यं सुटसुटीत आहेत, आणि सगळं डॉक्युमेंटेशन पीडीएफमध्ये उतरवता येतं. अमरावतीला गेल्या की उतरवून घ्या, पिपनं (पायथॉनची पॅकेजं बसवणारं साधन) जँगोही तेव्हाच बसवून ठेवा. डेटाबेस वेगळा लागत नाही, एसक्यूलाइट पायथॉनसोबतच येतं. मग घरी नेट नसलं तरी काम चालू राहतं.

त्यानंतर पुस्तक निवडताना अनुक्रमणिका बघा. एकच प्रकल्प शेवटपर्यंत नेलेला हवा, आणि कस्टम यूजर मॉडेल (लॉगिन करणाऱ्यांच्या नोंदीचा आपण ठरवलेला साचा) सुरुवातीलाच घेतलेलं हवं. तुमच्याकडे शेतकरी आणि व्यापारी दोघंही लॉगिन करणार, आणि यूजर मॉडेल मधेच बदलणं फार किचकट असतं. साइट सर्व्हरवर चढवायचं प्रकरण नसेल तर ते पुस्तक अर्धवटच समजा. पानं किती आहेत ते बघू नका.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. बर्डीचं पुस्तक रद्द. ट्यूटोरियल उतरवून घेते. अजून एक विचारायचं होतं: साइट सर्व्हरवर जाण्याआधी गटाच्या बैठकीत चार जणांना फोनवर दाखवता येईल का?

प्रतिसाद २
येईल. फोनचा हॉटस्पॉट लावा, लॅपटॉप आणि बाकीचे फोन त्याला जोडा. रनसर्व्हर (जँगोचा चाचणीपुरता सर्व्हर) ०.०.०.०:८००० वर चालवा, सेटिंग्जमधल्या अलाउड होस्ट्समध्ये (साइट कोणत्या पत्त्यांवर उघडू द्यायची त्या यादीत) लॅपटॉपचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाका. फोनच्या ब्राउझरमध्ये तोच आयपी आणि पुढे :८००० लिहायचं. हे फक्त दाखवण्यापुरतं. रोजच्या वापराला रनसर्व्हर ठेवू नका.