रात्रीच्या व्हिडिओत पांढरा फॉस्फरस की थर्माइट, ओळखायचं कसं?

तापीकाठ: युक्रेनमधला म्हणून एक व्हिडिओ ग्रुपवर फिरतोय. शेकडो पांढरेशुभ्र ठिपके झुंडीने गावावर उतरतात, आणि खाली सगळ्यांनी ‘फॉस्फरस बॉम्ब’ लिहून टाकलंय. धूर मात्र जवळपास नाहीच. फॉस्फरस असता तर धूर नको का दिसायला?

भुसावळकर: बरोबर जागी बोट ठेवलंत भो. फॉस्फरस जळला की त्याचं ऑक्साइड हवेतली वाफ शोषतं आणि दाट पांढरा धूर होतो. १५५ मिमीच्या एम८२५ए१ तोफगोळ्यात फॉस्फरसने भिजवलेले फेल्टचे ११६ तुकडे असतात. गोळा हवेत फुटला की एकेक तुकडा धुराची शेपटी सोडत खाली येतो. वडाच्या पारंब्या लोंबाव्यात तसं दिसतं.

तुमचं वर्णन ग्रॅड या सोव्हिएत बनावटीच्या रॉकेट-तोफेच्या ९एम२२एस रॉकेटशी जुळतं. १२२ मिमी, आत १८० षटकोनी कांड्या, मॅग्नेशियमच्या कवचात थर्माइट, म्हणजे धातूची भुकटी आणि धातूचं ऑक्साइड यांचं प्रखर जळणारं मिश्रण. रुळाचा सांधा थर्माइटने जोडताना जो डोळे दिपवणारा उजेड पडतो, तोच. २०१४ मध्ये पूर्व युक्रेनमधल्या इलोवाइस्कला हेच पडलं होतं, तेव्हाही बोभाटा फॉस्फरसचाच झाला.

तापीकाठ: आणि उजेडाचे फ्लेअर?

भुसावळकर: ते पॅराशूटला टांगलेले, मोजके, वाऱ्याबरोबर सरकत बराच वेळ जळतात. झुंड नसते. नापाम, म्हणजे जेलीसारखं घट्ट केलेलं पेट्रोल, तर वेगळंच, जमिनीलगत लोळणारा नारिंगी जाळ आणि काळा धूर.

सातपुडा_७: रंगावर फार विसंबू नका. अंधारात मोबाईलचा कॅमेरा कुठलाही जाळ पांढराफटक करून टाकतो. दुसऱ्या दिवशीचे जमिनीवरचे फोटो शोधा. न जळलेली षटकोनी कांडी दिसली की वाद मिटला. फॉस्फरसचा तुकडा जळक्या चिंधीसारखा दिसतो, लसणासारखा वास येतो. वरची खपली फुटली की तो पुन्हा पेटतो, कारण त्याला ३० अंशांच्या आसपासची उष्णता पुरते. आपल्याकडे वैशाखात तेवढी सावलीतही असते! म्हणूनच त्याची जखम ओली ठेवतात. वाळली की आतले कण परत धुमसतात.

नावाला कायद्यातही किंमत आहे. काही पारंपरिक शस्त्रांवर बंधनं घालणाऱ्या १९८० च्या आंतरराष्ट्रीय करारातला तिसरा प्रोटोकॉल मुळात आग लावण्यासाठी बनवलेल्या शस्त्रांपुरता आहे. धुरासाठी बनवलेला फॉस्फरसचा गोळा त्या व्याख्येतून निसटतो, थर्माइटच्या कांड्या निसटत नाहीत.

तापीकाठ: मूळ व्हिडिओ सापडला. पारंब्या नाहीत, आणि सकाळच्या फोटोत षटकोनी कांडी स्पष्ट आहे. ग्रुपवर टाकतो.