मदत हवी आहे : अंगणवाडी सांभाळून बालशिक्षणाची पदवी कशी करता येईल?

नमस्कार मंडळी. मी बारावी झालेली अंगणवाडी सेविका. २०२० च्या शैक्षणिक धोरणात आमच्यासारख्यांना सहा महिन्यांचं प्रमाणपत्र सांगितलंय, पण मला पदवीच करायची आहे. माझ्याकडे एक पोरगा मणी ओवताना लाल मणी तेवढे बाजूला काढून मुठीत धरून ठेवतो. तो असं का करतो हे मला नीट कळायला हवंय, नुसतं 'खेळू द्या' म्हणून भागत नाही.

चार वर्षांच्या आयटेपमध्ये (बारावीनंतरची शिक्षक होण्याची एकात्मिक पदवी) पायाभूत स्तराचा, म्हणजे तीन ते आठ वयाचा पर्याय आहे. पण त्याला एनसीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, शिवाय रोज कॉलेज. खिचडी, वजनं-उंची आणि पोषण ट्रॅकर ॲपवरच्या नोंदी उरकून ते कसं जमायचं? इग्नू या मुक्त विद्यापीठाचा बालशिक्षणाचा डिप्लोमा घरून होतो, पण तो डिप्लोमाच.

कुणी आधी डिप्लोमा करून मग बाहेरून बी.ए. केलंय का? अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या भरतीत त्याचा उपयोग झाला का? सरावपाठ स्वतःच्याच अंगणवाडीत चालतात की दुसरीकडे जावं लागतं? प्रत्यक्ष केलेल्यांनीच सांगा, प्लीज. 'गुगल करा' नको, ते करून झालंय.