टॉपस्पिन २के२५: चुकाच होत नसतील तर ते टेनिस कसलं?

खडूस फोरहँड

'टॉपस्पिन २के२५' हा टेनिसचा व्हिडिओ गेम एप्रिल २०२४ मध्ये आला तेव्हा मी ऑफिसात रजा टाकली होती. हसू नका. त्याआधीचा 'टॉपस्पिन ४' २०११ चा. मधली तेरा वर्षं फुटबॉलवाल्यांना दरवर्षी नवा गेम मिळायचा आणि आम्ही टेनिसवाले जुनीच डिस्क पुसून पुसून लावायचो. आता भरपूर खेळून झालाय, मत पक्कं झालंय, म्हणून हा धागा.

आधी चांगलं सांगतो. फटका मारणं ही या गेमची जान आहे. फ्लॅट, टॉपस्पिन, स्लाइस, लॉब, ड्रॉप, प्रत्येकाला वेगळं बटण. नुसतं टिचकीसारखं दाबलं की कंट्रोल शॉट. दाबून धरलं आणि चेंडू रॅकेटला लागायच्या बेतात असताना सोडलं की पॉवर शॉट. खेळाडूच्या शेजारी छोटं मीटर दिसतं: अर्ली, गुड, परफेक्ट, लेट. दहा मिनिटांत समजतं, पण अंगठ्यात उतरायला दोन आठवडे जातात. बॅकहँड डाऊन द लाइन (बाजूच्या रेषेला धरून सरळ) परफेक्ट बसला की जो आवाज येतो, त्यासाठी मी अजून खेळतो.

आता रडगाणं. परवा गेममधल्या मेदवेदेवशी पूर्ण सामना खेळलो. त्याच्या अनफोर्स्ड एरर्स, म्हणजे समोरच्याने दबाव न आणता स्वतःहून केलेल्या चुका, किती? दोन. माझ्या तीन. २००८ चा विम्बल्डन फायनल आठवा. फेडररचे ८९ विनर्स (समोरच्याला परत करताच न आलेले फटके) आणि ५२ अनफोर्स्ड एरर्स, नदालच्या २७. म्हणजे ४१३ पॉइंट्सपैकी ७९ फुकट दिलेले, आणि तरी लोक त्याला आजवरचा सर्वोत्तम सामना म्हणतात. इथे चेंडू जाळ्यात जातच नाही. बाहेर जातो तो ग्रहणासारखा, कधीतरी. बॉक्सवर सिम्युलेशन म्हणायचं आणि चुका काढून टाकायच्या, याला काय अर्थ आहे?

रात्रपाळी

मेदवेदेव खऱ्यातही भिंतच आहे, भलतं उदाहरण घेतलंस.

पण मुद्द्यावर बोलू. मी रात्री अकराला कामावर जातो. जेवण आणि निघण्याच्या मधे अर्धा तास मिळतो, त्यात एक सामना बसवायचा. तुझ्या हिशेबाने दर पाचवा पॉइंट जाळ्यात गेला असता तर मी कंट्रोलर भिंतीवर मारला असता.

शिवाय चुका आहेत रे, तू त्या मोजत नाहीस. मीटर लेट दाखवतं तेव्हा चेंडू आत पडतो खरा, पण कुठे? सर्व्हिस बॉक्सच्या आसपास, लोण्यासारखा. पुढच्या फटक्याला समोरचा पुढे सरकून तो कोपऱ्यात ठेवून देतो. चूक तुझी, विनर त्याच्या नावावर. शिक्षा मिळते, फक्त एक फटका उशिरा. आकड्यांच्या पाटीवर तुझ्या चुका त्याचे विनर्स म्हणून दिसतात, एवढंच.

खडूस फोरहँड

हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता हे मान्य. तरी पटलं नाही. अर्धवट फटक्याची शिक्षा वेगळी आणि ३०-४० ला, म्हणजे एक पॉइंट गेला की आपल्या सर्व्हिसचा गेम जातो तेव्हा, दुसऱ्या सर्व्हिसला हात आखडतो ते वेगळं.

माजी बॉलगर्ल

मधे तोंड घालते, कारण हात आखडलेले मी पाच फुटांवरून पाहिलेत.

बालेवाडीत महाराष्ट्र ओपन व्हायची ना, २०१८ ते २०२३? चेन्नईहून आलेली एटीपी २५० स्पर्धा, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टूरवरची. पहिल्या वर्षी मी बॉलगर्ल होते. काम काय, तर चेंडू द्यायचा, टॉवेल द्यायचा आणि पुतळ्यासारखं उभं राहायचं. नेटच्या खांबाशी बसलं की टीव्हीवर न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. ब्रेक पॉइंट (तेच, ३०-४० सारखं) असला की खेळाडू चेंडू जास्त वेळा टप्पे पाडतो. तीन चेंडू मागून घेतो, निरखतो, एक परत देतो, आणि मग परत दिलेलाच मागतो. एकाने चार पॉइंटमध्ये तीनदा टॉवेल मागितला, घाम नव्हता तरी. गेममध्ये यातलं काही नाही.

त्या वर्षी फायनलला जिल सिमोनने केव्हिन अँडरसनला ७-६, ६-२ हरवलं. अँडरसन २.०३ मीटर उंच, तोफेसारखी सर्व्हिस. सिमोनकडे तोफ नव्हती. तो फक्त आणखी एक चेंडू परत पाठवायचा. आणि आणखी एक. शेवटी समोरच्याने वैतागून जास्त जोर लावायचा आणि चेंडू बाहेर. ही एक पूर्ण कला आहे, समोरच्याला चूक करायला लावायची. समोरचा चूक करणारच नसेल तर ती कला मेली. २के२५ मध्ये सिमोनसारखं खेळून बघा, दमून जाल तुम्हीच.

आणि जाळ्याबद्दल. नेट मधोमध ३ फूट असतं, खांबांशी साडेतीन. म्हणून डाऊन द लाइन मारणं म्हणजे सहा इंच उंच कुंपण ओलांडणं, आणि कोर्टही क्रॉसकोर्टपेक्षा (तिरप्या फटक्यापेक्षा) तोकडं मिळतं. सगळे कोच घसा फोडून सांगतात, घाईत असाल तर क्रॉसकोर्ट मारा. गेममध्ये मी कुठूनही, कशीही, पळता पळता डाऊन द लाइन मारते. जातो आत. मग क्रॉसकोर्ट का मारावं?

रात्रपाळी

ताई, तुमच्यासमोर बोलायची माझी टाप नाही, तरी बोलतो. 😄

सिमोनचा खेळ मेलेला नाही. स्टॅमिना बघा. पॉवर शॉट मारत सुटणाऱ्याची दांडी रॅलीत भराभर उतरते, आणि मग त्याचं टायमिंग जमणं अवघड होतं. मी ऑनलाइन असल्या पॉवरवाल्यांना स्लाइस आणि लॉब देऊन देऊन पळवतो. दुसऱ्या सेटला त्यांची जीभ बाहेर येते. जाळ्यात नाही मारत, पण लोणी देतात. फेडररने २०२४ मध्ये डार्टमथच्या पदवीदानात सांगितलं होतं की त्याने एकेरीचे जवळजवळ ८० टक्के सामने जिंकले, पण पॉइंट फक्त ५४ टक्के. माझं ऑनलाइनचं गणितही तसंच काहीसं चालतं, थोड्या फरकाने जिंकतो. टेनिसचं हे गणित ज्या गेमला जमलं त्याला मी तरी सिम्युलेशन म्हणतो.

माजी बॉलगर्ल

स्टॅमिनाचं बरोबर आहे. पण दमलेला माणूस आणि घाबरलेला माणूस यात फरक आहे हो. २०१९ च्या विम्बल्डन फायनलला फेडरर ८-७, ४०-१५ वर सर्व्हिस करत होता, जिंकायला एकच पॉइंट हवा होता. एकूण पॉइंट त्याचे २१८, जोकोविचचे २०४. तरी हरला. ते काही स्टॅमिनामुळे नाही.

सांडलेला चहा

तुम्ही सगळे फटक्यांवरच भांडताय, इकडे घर जळतंय ते बघा.

पूर्ण किंमत मोजून गेम घ्यायचा आणि आत गेल्यावर पुन्हा वेगळं चलन. कपडे त्यावर, अनुभव लवकर वाढवणारे बूस्टर त्यावर, वर सीझनचा पास निराळा. ज्याने पैसे टाकले त्याचा खेळाडू लवकर तयार होतो. क्लबात निदान रॅकेट महागडी आणली तरी हात आपलाच लागतो.

दुसरं म्हणजे करिअर मोडला इंटरनेट लागतंच. मी एकटा, समोर कॉम्प्युटर, यात इंटरनेटचं काय काम? आमच्या केबलवाल्याचं नेट दोन सरी पडल्या की जातं. जुलैमध्ये माझा खेळाडू महिनाभर निवृत्तच असतो.

करिअरही पहिल्या वर्षात बरं वाटतं. दर महिन्याला एक सराव, एक खास कार्यक्रम, एक स्पर्धा. मॅकेन्रोच्या आवाजातली अकॅडमी छान आहे, नवख्याने आधी तीच करावी. पण तिसऱ्या सीझनला तेच ते. कॉमेंट्री नाही, त्यामुळे फायनल जिंकली तरी सोसायटीच्या स्पर्धेत जिंकल्यासारखं वाटतं.

खडूस फोरहँड

कॉमेंट्री नाही हे वरदान आहे. बाकी सगळ्याला +१.

डबल्सवाले काका

अवांतर वाटेल, पण नाही. भारतीय टेनिस म्हणजे गेली पंचवीसेक वर्षं मुख्यतः डबल्स. पेस, भूपती, सानिया, बोपण्णा. जानेवारी २०२४ ला बोपण्णा मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला, वय ४३. तीनच महिन्यांनी हा गेम आला आणि गेमच्या करिअर मोडमध्ये डबल्सच नाही! घरी चौघं बसून हौस म्हणून खेळा म्हणे. आय फॉर्मेशन (सर्व्हिसवेळी जोडीने एका रेषेत उभं राहणं) नाही, पोचिंग (नेटवर आडवं जाऊन जोडीदाराकडे जाणारा चेंडू मारणं) करून रँकिंग वाढवणं नाही. चारही ग्रँड स्लॅमचे हक्क घेतले आणि अर्धा खेळ दाराबाहेर ठेवला. आला तेव्हा जोकोविच आणि नदालही नव्हते, ते वेगळंच.

रात्रपाळी

काका, जोकोविच 'टायब्रेक' या दुसऱ्या गेममध्ये आहे. तिकडे एटीपी-डब्ल्यूटीएचं (पुरुष-महिला टूरचं) अधिकृत लायसन्स आणि खेळाडू ढिगाने. फक्त फटका मारला की काही मारल्यासारखं वाटत नाही. दात आहेत तर चणे नाहीत.

माजी बॉलगर्ल

खडूसराव, तुम्हाला चुकाच हव्यात तर 'एओ टेनिस २' हा गेम बघा, २०२० चा. चेंडू कुठे टाकायचा ती खूण आपणच हलवायची, लोभ केला की बाहेर. मी पहिल्या दिवशी इतके चेंडू बाहेर मारले की आईने विचारलं, नक्की खेळतेस ना? पण खेळाडू लाकडी बाहुल्यांसारखे हलतात. महिन्याभरात मीही परत २के२५ वर आले. तक्रार तशीच ठेवून.

खडूस फोरहँड

मग ठरलं. रात्रपाळी, शनिवारी दुपारी ऑनलाइन ये. चुका मोजू.

रात्रपाळी

तीनला. मी फेडरर.

खडूस फोरहँड

(शनिवार, सव्वाचार) ४-६, ६-७ हरलो. माझ्या अनफोर्स्ड एरर्स सगळ्या मिळून एक. डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकल्या), टायब्रेकमध्ये ५-६ वर, मॅच पॉइंटला.

माजी बॉलगर्ल

टॉवेल मागितला होतात का?