टीएसएच कमी, एफटी४ जास्त, पण लक्षणं नाहीत: आधी बायोटिन विचारा

लॅबमध्ये पडणारा एक प्रश्न: क्यूसी (मशीन बरोबर मोजतंय का याची तपासणी) बरोबर असताना लक्षणं नसलेल्या रुग्णाचं टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) ०.०५ आणि एफटी४ (रक्तातलं मोकळं टी४ हे थायरॉइड हार्मोन) दुप्पट का? क्यूसीच्या द्रवात बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) नसतं, त्यामुळे ही चूक तिथे दिसतच नाही. रिएजंट (तपासणीचं रसायन) स्ट्रेप्टाव्हिडिन-बायोटिन पद्धतीचं, म्हणजे बायोटिन लावलेली अँटिबॉडी स्ट्रेप्टाव्हिडिन या प्रथिनाने मढवलेल्या चुंबकीय कणांना चिकटवणारं, आहे का ते किटच्या माहितीपत्रकात बघा. तसं असेल तर केसांच्या गोळ्यांतलं ५-१० मिग्रॅ बायोटिन (रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम!) चुंबकीय कणांवरच्या जागा अडवतं, आणि अँटिबॉडी धुण्यात निघून जाते. मशीन जो प्रकाश मोजतं तो घटतो. सँडविच पद्धतीत (दोन अँटिबॉडींमध्ये हार्मोन पकडतात; हार्मोन जास्त तितका प्रकाश जास्त) कमी प्रकाश म्हणजे टीएसएच कमी. स्पर्धात्मक पद्धतीत उलट (हार्मोन जास्त तितका प्रकाश कमी), म्हणून एफटी४ जास्त. चित्र हुबेहूब ग्रेव्ह्ज आजाराचं (थायरॉइड अति काम करण्याचा आजार).

नमुना पातळ (डायल्यूट) करून पुन्हा मोजा, हा सल्ला इथे चालणार नाही, कारण डायल्यूट केल्यावर मोकळ्या आणि प्रथिनांना बांधलेल्या टी४चा समतोल हलतो. गोळी किमान २ दिवस बंद ठेवून नवा नमुना घ्या, किंवा तोच नमुना बायोटिन न वापरणाऱ्या मशीनवर लावा. मोठ्या डोसला किंवा किडनी कमजोर असेल तर जास्त दिवस थांबावं लागतं.

ट्रोपोनिनला (हार्ट अटॅक ओळखायची रक्तचाचणी) मात्र थांबायला वेळ नसतो. तोही सँडविच, म्हणजे खोटा कमी. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्था) दिलेल्या इशाऱ्यात अशा रिपोर्टनंतरच्या एका मृत्यूचा उल्लेख होता. नमुना घेतानाच्या फॉर्मवर 'केस-नखांच्या गोळ्या?' हा रकाना हवाच.