६० हजारात सराफा, सिरपूर आणि लेकीचा डान्स: कोणता कॅमेरा घेऊ?

रामबागकर:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस फोनवरच फोटो काढून राहिलोय, आता खऱ्या कॅमेऱ्यासाठी हात शिवशिवतायत. बजेट ६० हजार, बायकोला ५० सांगितलंय तेव्हा जरा जपून. काढायचं काय तर आपल्या इंदूरचा रात्रीचा सराफा (खाऊगल्ली), थंडीत सिरपूर तलावावरचे पक्षी आणि लेकीचा भरतनाट्यमचा स्टेज प्रोग्राम. दुकानदार म्हणतो कॅननचं १५००डी घ्या डबल लेन्सवालं, बॅग आणि ट्रायपॉड फ्री. पुण्याचा मेहुणा म्हणतो फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) घे नाहीतर घेऊच नकोस (पैसे तो देणार नाहीये). आणि ऑफिसातले एक जण निकॉन डी७२०० विकतायत, १८-१४० लेन्ससकट, ते घेऊनही बरे पैसे उरतात. फोनची अडचण ही की दहीवडेवाला तो द्रोण वर उडवतो ना, तो फोटोत कधी दोन दोन दिसतो, कधी नुसता पांढरा फराटा. शटर, आयएसओ हे सगळं यूट्यूबवर ऐकलंय, हाताला काही नाही. काय करू?

सिरपूरचा_बगळा:
भिया, तुमचे हे तीन शौक नाहीत, तीन वेगळे खर्च आहेत. पक्ष्यांना लांब लेन्स लागते, सराफ्याला मोठ्या तोंडाची म्हणजे f/1.8 वगैरे, आणि स्टेजला थोडं थोडं दोन्ही. ६० मध्ये तिन्ही नीट होत नाहीत, आधी कशाचा नंबर लावायचा ते ठरवा.

पक्ष्यांचं मी सांगतो कारण माझी थंडीतली रविवार सकाळ तिथेच जाते (२०२२ ला सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही रामसर म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले तेव्हापासून लोकांना अचानक सिरपूर दिसायला लागलंय, असो). डबल लेन्सवाल्या किटात दुसरी असते ५५-२५० एमएम, कॅननचा सेन्सर फुलफ्रेमपेक्षा लहान, क्रॉप १.६, म्हणजे ती ४०० सारखी दिसणार. त्यात काठावरचा बगळा, पाणकोंबडी, जवळच्या फांदीवरचा खंड्या मस्त येतो. तलावाच्या मधोमध बदकं बसलेली असतात ती मात्र ठिपकेच राहणार, मग घरी येऊन क्रॉप करत बसायचं. उडता पक्षी धरायला शटर १/१६०० सेकंदाच्या खाली नेऊ नका, आणि ती लेन्स २५० ला f/5.6 वर असते म्हणजे सकाळी सातला आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) कुठल्या कुठे जातो. ऊन पाठीशी घेऊन बसा आणि हलू नका, निम्मे फोटो तिथेच सुधारतात.

मेहुण्याला सांगा फुलफ्रेमवर २५० ही २५०च राहते, आणि त्यावर ४०० ची लेन्स घ्यायला गेलं की बजेट लेन्समध्येच संपतं.

जुनाच_माल_बरा:
डी७२०० घ्या, विचार कसला करताय. २०१५ चं मॉडेल आहे पण २४ मेगापिक्सेल, दोन कार्डांच्या खाचा, आणि मुख्य म्हणजे बॉडीत फोकसची मोटर आहे. निकॉनच्या डी३०००, डी५००० वाल्या मालिकांत ती नसते, त्यामुळे जुन्या ‘डी’ लेन्स त्यांच्यावर हातानेच फोकस कराव्या लागतात. तुमच्या हातात डी७२०० असेल तर जुनी ५० एमएम f/1.8डी लावा, स्वस्तात मिळते आणि ऑटोफोकस चालतो. फक्त त्या लेन्सची अ‍ॅपर्चरची रिंग २२ वर नेऊन लॉक करायची, नाहीतर कॅमेरा एफ-ई-ई असं काहीतरी दाखवून रुसून बसतो आणि माणसाला वाटतं लेन्सच गेली.

घेण्याआधी काय बघायचं ते नीट ऐका. निकॉन फोटोच्या एक्झिफमध्ये (फाइलमधल्या लपलेल्या माहितीत) शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा पडलं ते लिहितो, म्हणून एक फोटो काढून तो घरी कॉम्प्युटरवर उघडा, तोंडी आकड्यावर जाऊ नका. डी७२०० चं शटर दीड लाखाला टेस्ट केलेलं आहे, पन्नास-साठ हजार झाले असतील तर घाबरू नका. लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, पावसाळाभर बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला हमखास लागते, अशी लेन्स फुकटही घेऊ नका. थोडी धूळ दिसली तर चालतं. मग f/16 वर पांढऱ्या भिंतीचा फोटो, काळे डाग आले तर सेन्सर साफ करून मागा. आणि ऑफिसातले असले म्हणून लाजू नका, दोन दिवस घरी वापरायला मागा, आपल्या इंदूरात एवढं तर कोणीही देतं.

छप्पन_दुकानी:
काका लोक अजून डीएसएलआर (आत आरसा असलेले कॅमेरे) सुचवतायत हे बघून मजा वाटली 😄 २०२० नंतर कॅनन किंवा निकॉनचा एकही नवा डीएसएलआर आलेला नाही, नव्या लेन्स सगळ्या मिररलेसच्या म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांच्या. कॅनन आर५० बघा रामबागकर. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) फोटो काढायच्या आधीच दिसतं उजेड किती येणार आहे ते, शिकणाऱ्याला याच्यासारखी सोय नाही, आणि डोळ्यावर फोकस आपोआप धरतो, लेक स्टेजवर गिरकी घेतानासुद्धा. सोनी झेडव्ही-ई१० पण लोक सुचवतील पण त्याला व्ह्यूफाइंडरच नाही, सिरपूरला उन्हात स्क्रीनवर काय दिसणार.

जुनाच_माल_बरा:
@छप्पन_दुकानी आर५० ची किट लेन्स १८-४५ आहे f/4.5 पासून 6.3 पर्यंत, हे पण सांगा की. सराफ्यात ती लावून जा आणि मग बोला. चांगली लेन्स घ्यायला पुन्हा पैसे लागणार आणि बॉडीतच याचं बजेट उडालेलं असणार.

छप्पन_दुकानी:
हो ते मान्य, ५० f/1.8 वेगळी घ्यावीच लागेल. पण पाच वर्षांनी तुमची डी७२०० कोण घेणार?

जुनाच_माल_बरा:
विकायची कशाला, वापरायची.

गराडूताई:
कॅमेऱ्याचं भांडण चालू द्या, मी द्रोणाकडे येते कारण तो फोटो मला जमतो आणि माझ्याकडे काही भारी नाही.

फोन नाइट मोडमध्ये एक फोटो काढतच नाही, पटापट बरेच काढतो आणि एकावर एक चिकटवतो. दुकान जागेवर असतं म्हणून ते छान येतं, द्रोण मधल्या वेळात हललेला असतो म्हणून दोन दिसतो. चूक तुमची नाही आणि फोनचीही नाही.

आता कॅमेऱ्यात बघा. द्रोण वर जाताना आणि खाली येताना जोरात असतो पण अगदी वर पोचला की क्षणभर थांबल्यासारखा होतो. दाबायचं तिथे. त्या टोकाला १/२५० पुरतं, द्रोण गरगर फिरत असेल तर १/५०० करा. फोकस द्रोणावर धरायला जाऊ नका, कुठलाही कॅमेरा अंधारात गोंधळतो. तो माणूस द्रोण हातात घेऊन उभा असतो तेव्हाच त्याच्या हातावर फोकस घ्या आणि लेन्स मॅन्युअलवर टाका, द्रोण साधारण त्याच अंतरावर सरळ वर जातो. १८-१४० असेल तर १८ वरच राहा, तिथे f/3.5 मिळतं, झूम केलं की तोंड बारीक होतं. ५० f/1.8 घेतलीत तर f/5.6 च्या मानाने नऊ-दहापट उजेड येतो, म्हणजे आयएसओ ६४०० च्या जागी साधारण ७०० मध्ये काम, पण मग दहा पावलं मागे जावं लागतं आणि सराफ्यात दहा पावलं मागे म्हणजे जिलबीच्या कढईत 😀

अजून एक भानगड दिव्यांची. स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण १/२५० वर एक फोटो उजळ, पुढचा काळपट, तिसरा हिरवट असं येतं. कॅमेरा बिघडला असं वाटतं, तसं नसतं. बर्स्ट (बटण दाबून ठेवलं की सलग फोटो) लावा आणि बरा असेल तो ठेवा. काही कॅमेऱ्यात या लुकलुकण्यावर अँटी-फ्लिकर असतं, असेल तर चालू करा.

आणि दही! लांबून काढलं तर आजूबाजूला अंधार जास्त म्हणून कॅमेरा सगळं उजळवायला जातो आणि दही जळून नुसता पांढरा गोळा होतो, तेव्हा एक्स्पोजर मायनस एक करा. तेच जवळ जाऊन द्रोण फ्रेमभर घेतला की कॅमेऱ्याला वाटतं फारच पांढरं आहे, तो दही राखेसारखं करून ठेवतो, तिथे प्लस एक. त्या एका द्रोणावर मी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन शिकले, क्लासची फी वाचली. आधी एक प्लेट घ्या, खा, मग विचारा फोटो काढू का, मग तो तुमच्यासाठी जरा जास्तच उंच उडवतो.

तोवर घरी पंख्यावर सराव करा. १/३०, १/१२५, १/५०० वर पात्यांचे फोटो काढा, शटर म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

(फुलफ्रेमवाल्या मेहुण्यासाठी: जुने नावाजलेले फोटोग्राफर लाला दीनदयाल इंदूरातच पीडब्ल्यूडीत नकाशे काढायच्या नोकरीला होते, १८७४ च्या आसपास इथेच त्यांनी कॅमेरा हातात घेतला, तोही काचेच्या प्लेटांचा. नंतर निजामाच्या दरबारात गेले.)

रामबागकर:
ताई, वाचता वाचता भूक लागली. ठरल्यासारखं आहे, आधी सराफा आणि स्टेज, पक्षी पुढच्या थंडीत. डी७२०० बघायला शनिवारी जातोय, ५० वेगळी शोधतो. प्रोग्राममध्ये फ्लॅश चालेल का? हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत जागा आहे.

गराडूताई:
फ्लॅश अजिबात नको, पोरींच्या डोळ्यावर येतो आणि स्टेजच्या दिव्यांचा रंगही जातो. तिसऱ्या रांगेतून ५० पुरेल. f/2 ते 2.8, शटर १/२५०, ऑटो आयएसओ, स्पॉट मीटरिंग (उजेड एकाच ठिकाणचा मोजणं) चेहऱ्यावर, नाहीतर मागचा काळा पडदा बघून कॅमेरा चेहरे पांढरेफट करेल. रंगीत तालमीला आत सोडत असतील तर आदल्या दिवशीच जाऊन या.

जुनाच_माल_बरा:
आणि शनिवारी जाताना आपलं कार्ड, टॉर्च घेऊन जा. बॅटरी फुल चार्ज करून ठेवायला सांगा, जुन्या बॅटऱ्या फुल दाखवतात आणि शंभर फोटोत बसतात.