गोठणे, साकळणे की धरणे?

भाट्येकर: एक लेख मराठीत आणतोय. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशी प्रयोगशाळेत बशीत वाढवल्या, विषाणूकरवी त्यांत हिरुडिनचं, म्हणजे जळवेच्या मुखरसातल्या थ्रॉम्बिन रोखणाऱ्या प्रथिनाचं, जनुक सोडलं. पेशी स्वतःच हिरुडिन स्रवू लागल्या आणि थ्रॉम्बिनची मात्रा चालेना. थ्रॉम्बिनला मी ‘रक्त गोठवणारं विकर’ (एन्झाइम) म्हटलं, तपासनिसांनी ‘साकळवणारं’ केलं. पण बशीत रक्तच नाही! तिथे थ्रॉम्बिन पेशीवरच्या ग्राहीचं (रिसेप्टरचं) टोक छाटतं, छाटून उघडं पडलेलं टोकच ग्राहीला चेतवतं आणि पेशी भराभर विभागतात. गोठत काहीच नाही. मग म्हणायचं काय?

साटेली: तपासनीस बरोबर. गोठतं पाणी, थिजतं खोबरेल, साकळतं रक्त. थंडीत बाटली उन्हात ठेवताना आजी ‘तेल थिजलां’ म्हणायची, ‘गोठलां’ कधीच नाही.

गुहागरी: मग भीतीने रक्ताचं काय होतं? साकळतं ते मुका मार लागल्यावर, कातडीखाली, काळंनिळं.

भाट्येकर: आणि ‘जीन ट्रान्सफर’ला ‘जनुक-संक्रमण’ चालेल? ‘हस्तांतर’ म्हटलं की तलाठी दिसतो.

साटेली: संक्रमण सूर्याने करावं. ‘जनुकरोपण’ लिहा. ‘विकर’सुद्धा काढा, ‘वितंचक’ घाला. संस्कृतात आतंचन म्हणजे विरजण. गोठणं त्या शब्दातच आहे.

गुहागरी: म्हणजे पोटात अन्न पचवणारं वितंचकही विरजणच लावतं? धन्य.

देवगड दवाखाना: फुरसं चावलेला माणूस आला की त्याचं रक्त कोरड्या काचनळीत घेऊन २० मिनिटं हलवत नाही. मग नळी कलती करायची. रक्त वाहिलं तर विष भिनलंय. बाहेर नातेवाईक विचारतात, “रगत धरला काय?” ‘गोठलं’, ‘साकळलं’ हे तुमचे दोन्ही शब्द मी इथे ऐकलेले नाहीत. गंमत म्हणजे फुरशाच्या विषातलं इकारिन हे विकर प्रोथ्रॉम्बिनला, म्हणजे थ्रॉम्बिनच्या निद्रिस्त रूपाला, चेतवतं, त्यात फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीचा कच्चा माल, खर्ची पडतं आणि शेवटी रक्त धरतच नाही. रक्तातलं हिरुडिन मोजायच्या एका चाचणीत हेच इकारिन वापरतात.

गुहागरी: जळवेच्या मुखरसाने रक्त पातळ राहतं हे हेक्राफ्ट या संशोधकाने १८८४ मध्ये दाखवलं. सुश्रुताने त्याच्या कितीतरी आधी १२ जळवा सांगितल्या, ६ सविष, ६ निर्विष. जल हेच ओक, म्हणजे घर, म्हणून जलौका. आमच्याकडे मात्र ‘चावली की जळतं म्हणून जळू’ असं छातीठोक सांगतात.

साटेली: चावताना तर कळतही नाही! जळतं कसलं?

भाट्येकर: अहो, अंक छपाईला जायचाय. नुसतं ‘थ्रॉम्बिन’ ठेवू?

साटेली: ठेवा, पण ‘ते थ्रॉम्बिन’. काल एका लेखात ‘तो’ वाचलं. आणि डॉक्टर, फुरसं नव्हे, लिहिताना ‘फुरसे’.

देवगड दवाखाना: चावल्यावर कोणी ‘फुरसे’ म्हणून ओरडत नाही हो.